ऐंशी गुणांचा गेम चाहत्यांना नापास का वाटतो?

रविवारी सकाळी ताईकडे पोहे-जलेबीचा बेत होता. इंदुरात पोह्यांवर सेव आणि जीरावन कमी पडलं तरी माणूस नाराज होतो, पण त्या दिवशी भाच्याचं बशीकडे लक्षच नव्हतं. फोनवर बोटं आपटत होता. ताईने मला ओट्यापाशी बोलावून हळूच विचारलं, "याचं काय बिनसलंय रे? पेपर वाईट गेला का?"

पेपर नव्हता. त्याच्या लाडक्या स्ट्रॅटेजी गेमचा नवा भाग आला होता. परदेशातल्या बड्या गेम-समीक्षकांनी त्याला दहापैकी आठ, नऊ असे गुण दिले होते, आणि भाच्याच्या मते हा दिवसाढवळ्या दरोडा होता. "मामा, या लोकांनी गेम धड खेळलेलाच नाही. एक तर विकले गेलेत, नाही तर बावळट आहेत." गेमचं नाव मी सांगत नाही, घरातलं भांडण आहे. पण असं भांडण प्रत्येक मोठ्या स्ट्रॅटेजी गेमच्या नव्या भागाबरोबर होतं, आणि बाहेरच्या माणसाला त्यातलं काही कळत नाही. खेळाला गुण देतात, त्या गुणांवरून मोठी माणसं हमरीतुमरीवर येतात, आणि दोन्हीकडचे लोक खरं बोलत असतात. हे कसं, ते ताईला समजेल असं सांगून बघतो.

बुद्धिबळ नव्हे, संसार

बुद्धिबळात राज्य आयतं मिळतं. सोळा मोहरे मांडलेले, लढायचं तेवढं बाकी. मोठ्या स्ट्रॅटेजी गेममध्ये राज्यच उभारावं लागतं. एक गाव वसवा, शेती लावा, रस्ते काढा, शेजाऱ्याशी सोयरीक करा किंवा वैर धरा, विद्या शिका, सैन्य पोसा. या प्रकाराला खेळणारे 'फोर-एक्स' म्हणतात. अ‍ॅलन एमरिक नावाच्या अमेरिकन लेखकाने १९९३ मध्ये 'मास्टर ऑफ ओरायन' या गेमबद्दल लिहिताना हा शब्द काढला. 'एक्स'चा उच्चार असलेल्या चार इंग्रजी क्रियापदांवरची ती कोटी आहे. आपल्याकडे म्हणायचं तर शोधा, पसरा, पिळा, संपवा. त्यातलं सगळ्यात गाजलेलं घराणं म्हणजे सिड मायरची 'सिव्हिलायझेशन' मालिका. पहिला भाग १९९१ चा, सातवा फेब्रुवारी २०२५ चा.

आता 'सीक्वेल', म्हणजे पुढचा भाग. सिनेमाच्या पुढच्या भागात गोष्ट पुढे सरकते. स्ट्रॅटेजी गेममध्ये पुढे न्यायला गोष्टच नसते. तोच डाव, नव्या नियमांनी, नव्या पटावर पुन्हा मांडतात. म्हणून सिनेमाचा दुसरा भाग पहिल्याच्या वाटेत येत नाही, पण गेमच्या सातव्या भागाचा पहिला शत्रू सहावा भाग असतो. तो त्याच कॉम्प्युटरमध्ये बसलेला असतो, त्याचे पैसे कधीच देऊन झालेले असतात, आणि तो अजून छान चालतो. पुढचं निम्मं भांडण इथूनच निघतं.

पंधरा दिवसांत किती राज्यं उभी राहतात?

समीक्षकाकडे गेम विक्रीच्या आधी येतो. सोबत एक अट असते, तिला 'एम्बार्गो' म्हणतात: अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत तोंड उघडायचं नाही. ती वेळ झाली की सगळी परीक्षणं एकदम बाहेर पडतात. 'सिव्हिलायझेशन ७'ची परीक्षणं ३ फेब्रुवारी २०२५ ला आली. जास्त पैसे भरणाऱ्यांना गेम ६ तारखेला मिळाला आणि बाकीच्यांना ११ तारखेला.

हाती वेळ किती असतो? साधारण एक-दोन आठवडे. आता हिशोब करू. याच मालिकेच्या सहाव्या भागात नेहमीच्या वेगाने खेळलं तर एक डाव पाचशे टर्नपर्यंत जातो. टर्न म्हणजे आपली पाळी. सुरुवातीला एक टर्न दहा सेकंदांत उरकतो, पण शेवटाकडे वीस शहरं आणि चार आघाड्या सांभाळायच्या तर पाच मिनिटंही पुरत नाहीत. सरासरी दोनच मिनिटं धरली तरी हजार मिनिटं झाली, म्हणजे साडेसोळा तास, आणि हा झाला एक डाव. युद्ध करून जिंकता येतं, विज्ञानाने, संस्कृतीने, धर्मानेही जिंकता येतं. राजे डझनावारी, आणि अवघडपणाच्या पायऱ्या आठ. यातलं खरं काय नि पोकळ काय हे कळायला चार-पाच डाव तरी हवेत. बरेच समीक्षक फ्रीलान्स असतात, त्यांना लेखामागे ठरलेली रक्कम मिळते. साठ तास खेळले काय नि पंधरा तास खेळले काय, पाकीट तेवढंच.

इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ झुमरा तालात अतिविलंबित ख्याल मांडायचे. सुरुवातीच्या पाच मिनिटांत उठून गेलेला माणूस बाहेर जाऊन खोटं बोलणार नाही. आवाज गंभीर होता, लय संथ होती, हे तो बरोबरच सांगेल. पण राग कसा उलगडला हे त्याला सांगता यायचं नाही. समीक्षक इतक्या लवकर उठून जात नाहीत. पण दोन आठवड्यांत त्यांच्या वाट्याला आलापीच जास्त येते, आणि चाहत्याचं भांडण असतं तानांवरून.

यात सगळ्यात गंमत वाटते ती परतीच्या नियमाची. स्टीम हे कॉम्प्युटर-गेमचं सगळ्यात मोठं ऑनलाइन दुकान. तिथे घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. गोळ्या झाडायच्या गेमसाठी दोन तास ठीक आहेत. फोर-एक्समध्ये दोन तासांत माणसाला धड शेजारीही सापडलेला नसतो!

समोरचा राजा मठ्ठ आहे, हे कधी कळतं?

आपण एकटे खेळतो तेव्हा बाकीची राज्यं कॉम्प्युटर चालवतो. खेळणारे त्याला 'एआय' म्हणतात. आजकाल सगळीकडे ज्या एआयची चर्चा असते ते हे नव्हे. हा गेममध्येच बसवलेला, ठरावीक नियमांनी चालणारा प्रतिस्पर्धी आहे. स्ट्रॅटेजी गेमचा कस इथे लागतो, कारण प्रतिस्पर्धी मूर्ख असेल तर बाकी सगळी सजावट पाण्यात.

आणि हा मूर्खपणा उशिरा दिसतो. नवखा खेळाडू स्वतःच चाचपडत असतो, तेव्हा समोरचा त्याला चलाखच वाटतो. तीस-चाळीस तासांनी नियम अंगवळणी पडले की मग लक्षात येतं, हा राजा वेढा अर्धवट टाकून परत फिरतो, आणि चाललेलं युद्ध सोडून भलत्याच डोंगरावर फौज नेऊन ठेवतो. अवघडपणा वाढवला तरी तो शहाणा होत नाही. 'सिव्हिलायझेशन'मध्ये वरच्या पायऱ्यांवर त्याला जादा उत्पन्न आणि सुरुवातीलाच जादा शिबंदी देतात. पत्ते खेळताना समोरच्याची अक्कल वाढत नाही म्हणून त्याला दोन हुकूम फुकट द्यावेत, तसा प्रकार.

एक उदाहरण मराठी माणसाला नक्की लागू पडेल. मार्च २००९ मध्ये 'एम्पायर: टोटल वॉर' आला. अठराव्या शतकाचा पट, सुरुवात १७०० पासून, आणि निवडता येणाऱ्या सत्तांमध्ये चक्क मराठा महासंघ! (सन १७०० मध्ये महासंघ कुठला? तेव्हा राजाराम महाराज वारले होते आणि ताराबाई झुंजत होत्या. होळकर, शिंदे, गायकवाड ही नावं पुढची. पण परदेशी कंपनीने आपल्याला पटावर घेतलं याच आनंदात आपल्याकडच्या पुष्कळांनी तिथे डोळेझाक केली.) समीक्षकांनी गेम डोक्यावर घेतला, त्यांच्या गुणांची सरासरी शंभरात नव्वदच्या घरात गेली. मग लोक तासन्‌तास खेळले आणि त्यांना कळलं की कॉम्प्युटरच्या सत्तांना समुद्र ओलांडून स्वारीच करता येत नाही. आरमारी युगावरचा गेम, आणि इंग्लंड आपल्या बेटावर अडकलेलं! पुढे पॅच, म्हणजे दुरुस्तीचं ठिगळ, आल्यावर ते सुधारलं. समीक्षक यावर खोटं बोलले नव्हते. पण 'अमुक गोष्ट घडत नाही' हे लक्षात यायला ती घडायची वाट बरीच बघावी लागते. जे समोर आहे ते पटकन दिसतं, जे नाही ते दिसायला मुक्काम करावा लागतो.

दुसरं उदाहरण 'सिव्हिलायझेशन ५'चं, २०१० चं. एका चौकटीत एकच सैन्यतुकडी हा नवा नियम त्यात आला. समीक्षकांची सरासरी पुन्हा नव्वद. जुने चाहते ओरडत होते की या नियमाने फौजा रस्त्यात अडकतात आणि कॉम्प्युटरला त्या हलवताच येत नाहीत. त्यांना रडे, हटवादी, सगळं म्हणून झालं. २०१३ मध्ये गेमचा मुख्य रचनाकार जॉन शेफर याने स्वतःच आपल्या रचनेची चिकित्सा लिहिली आणि हा नियम व एआय या दोन्ही बाबतींत काय चुकलं ते मान्य केलं. मला हा माणूस त्यासाठी फार आवडतो.

मुरलेलं लोणचं आणि ताजी फोड

बरणीत चार वर्षं मुरलेलं लोणचं आणि आज सकाळी कालवलेलं, यांची तुलना करायची नसते हे घरातल्या पोरालाही कळतं. गेममध्ये ती रोज होते.

'सिव्हिलायझेशन ६' ऑक्टोबर २०१६ मध्ये आला. २०१८ मध्ये त्याला एक मोठी पुरवणी आली, २०१९ मध्ये दुसरी. पुरवणी म्हणजे एक्स्पान्शन: नवे राजे, नवे नियम, वेगळे पैसे. मग आणखी भर, आणखी पॅच. सातवा भाग बाजारात उतरला तेव्हा चाहत्यांच्या हातातला सहावा भाग आठ वर्षं मुरलेला होता. त्यांनी नव्या बरणीचं झाकण उघडलं, फोड कच्ची लागली, आणि त्यांनी तसं सांगितलं. समीक्षक मात्र नवा गेम 'नवा गेम' म्हणूनच बघतात, आणि सुरुवातीचा कच्चेपणा त्यांना सवयीचा असतो. पाचव्याचंही असंच झालं होतं, सहाव्याचंही, दोन वर्षांत सुधारेल, असा त्यांचा मनातला हिशोब असतो. तो बहुतेक वेळा खराही ठरतो. पण पैसे आज द्यायचे असतात, दोन वर्षांनी नाही.

या मालिकेच्या कर्त्यांचा एक नियम प्रसिद्ध आहे: प्रत्येक नव्या भागात एक तृतीयांश जुनं तसंच ठेवायचं, एक तृतीयांश सुधारायचं, एक तृतीयांश अगदी नवं आणायचं. कागदावर हा नियम समजूतदार दिसतो. पण कोणता तृतीयांश नवा करायचा, यावर सगळं अवलंबून आहे. सातव्या भागात इतिहासाची तीन युगं केली आणि युग बदललं की संस्कृतीही बदलायची असं ठरवलं. मौर्य म्हणून सुरुवात करा, मग चोळ व्हा, मग मुघल. समीक्षकांपैकी अनेकांना हे धाडस भावलं. वर्षानुवर्षं तेच ते खेळून कंटाळलेल्या माणसाला बदल हवाच असतो. चाहत्याला मात्र तीस वर्षं एकच गोष्ट हवी होती: एक टोळी घ्यायची आणि तिला अश्मयुगापासून अवकाशापर्यंत न्यायचं. त्यासाठी तर तो मालिकेवर जीव टाकून होता. म्हणजे ज्याचे समीक्षकाने गुण दिले, त्याचेच चाहत्याने कापले. इथे कोण चुकलं?

(जाता जाता: आधुनिक युगात भारताच्या वाट्याला मुघल, आणि मराठे सुरुवातीच्या यादीत कुठेच नाहीत! इंदुरात होळकरांच्या राजवाड्यासमोर उभं राहून हे कुणाला सांगा, हसेल. परदेशी परीक्षणात ही तक्रार सापडणार नाही, आणि तिथे ती सापडावी अशी अपेक्षाही नाही. पण इंदूरच्या खेळाडूचं मन यावरूनही खट्टू होऊ शकतं.)

निकाल काय लागला? समीक्षकांची सरासरी ऐंशीच्या आसपास. स्टीमवर खरेदीदारांचा कौल 'मिश्र'. मिश्र म्हणजे शंभरातल्या चाळीस ते एकोणसत्तर जणांनी अंगठा वर केलेला. काही महिन्यांतच स्टीमवर एका वेळी खेळणाऱ्यांची संख्या बघितली तर पाचवा आणि सहावा भाग सातव्याच्या पुढे दिसू लागले. सगळे समीक्षक एका सुरात गात होते असंही नाही. गेम-परीक्षणाच्या मोठ्या साइट्सपैकी आयजीएनने दहापैकी सात दिले, युरोगेमरने पाचपैकी दोन तारे. विस्कळीत पडदे, कळीची माहिती लपवणाऱ्या खिडक्या, यावर कित्येक परीक्षणांत स्पष्ट लिहिलं होतं. चाहते "कुणीच सांगितलं नाही" म्हणतात ते त्या अर्थी खरं नाही. सांगितलं होतं, पण लोकांनी आकडा वाचला, मजकूर वाचलाच नाही.

ऐंशी म्हणजे नक्की किती?

आता आकड्याकडेच येऊ, कारण माझ्या मते खरा गुन्हेगार तो आहे.

मेटाक्रिटिक ही २००१ पासूनची वेबसाइट निरनिराळ्या परीक्षणांचे गुण गोळा करून त्यांची सरासरी काढते. साधी सरासरी नाही, कुणाच्या मताला जास्त वजन, कुणाच्या मताला कमी. ते वजन किती हे साइट जाहीर करत नाही. निकाल रंगात दिसतो. सिनेमाला ६१ मिळाले की हिरवा रंग. गेमला हिरव्यासाठी ७५ लागतात. त्याच साइटवर, त्याच शंभरात! म्हणजे गेमच्या दुनियेत सत्तर हा आपल्या घरातल्या सत्तर टक्क्यांसारखा आकडा आहे. पास तर झाला, पण शेजारी पेढे नाही वाटले. गुणपत्रिका शून्यापासून शंभरापर्यंत छापलेली असते, वापर मात्र साठ ते पंचाण्णव एवढ्यातच होतो. मग 'ऐंशी' म्हणजे उत्तम, की 'बरा, पण काहीतरी गडबड आहे'? मुरलेला वाचक दुसरा अर्थ घेतो, नवा वाचक पहिला घेतो आणि पैसे भरून बसतो.

आकड्याची सत्ता किती, याचा एक किस्सा. तो स्ट्रॅटेजी गेमचा नाही, पण बोलका आहे. 'फॉलआउट: न्यू व्हेगास' हा २०१० चा गेम बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला, गेमला मेटाक्रिटिकवर ८५ गुण पडले तर, बोनस मिळणार होता. पडले ८४. कंपनीतल्याच क्रिस अ‍ॅव्हेलोनने हे २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितलं.

कडक निकष लावले तर आकडा पक्का होतो का? इंदूरकरांना याचं उत्तर माहीत आहे. मार्च २०२३ मध्ये होळकर स्टेडियमवरची भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी तिसऱ्या दिवशी सकाळीच आटोपली. आयसीसीने खेळपट्टीला 'निकृष्ट' ठरवून तीन दोषांक लावले. बीसीसीआयने अपील केलं, आणि तीच खेळपट्टी 'सरासरीपेक्षा कमी' झाली, दोषांक उरला एक. माती तीच, सामनाही तोच. खेळपट्टीसाठी निदान नियमावली आहे आणि दाद मागायची सोय आहे. गेमच्या गुणांना यातलं काहीच नाही.

"पैसे खाल्ले असणार!"

भाच्याचा पहिला आक्षेप. असं कधीच घडत नाही असं मी म्हणणार नाही. २००७ मध्ये गेमस्पॉट या मोठ्या साइटने जेफ गर्स्टमन या संपादकाला काढून टाकलं. त्याने ज्या गेमला बेताचे गुण दिले होते, त्याच्याच जाहिराती साइटभर लागल्या होत्या. जाहिरातदाराच्या नाराजीचा त्यात हात होता, हे त्याने २०१२ मध्ये स्वतः सांगितलं. म्हणून वाचकांना संशय येतो तो अगदीच हवेतला नाही.

पण बारकाईने बघा, लाच नेमकी कुठे लागेल? मधुर बोलायला पैसे लागतच नाहीत. गेम लवकर कुणाला द्यायचा हे कंपनी ठरवते. ज्याला तो उशिरा मिळाला त्याचं परीक्षण उशिरा येतं आणि कुणी वाचत नाही. शिवाय समीक्षक मुळात खेळाचा रसिक असतो, नवा भाग उघडताना त्याचंही मन उत्सुक असतं. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री दहाला, रिकाम्या पोटी, मित्रांबरोबर खाल्लेलं भुट्ट्याचं कीस कुणाला वाईट लागलंय? तो खोटं बोलत नाही, फक्त चांगल्या वेळी खातो. मला लाचेपेक्षा ही घाई आणि ही गोडी जास्त धोक्याची वाटते, कारण लाच कधी ना कधी पकडता तरी येते.

एक गोष्ट बहुतेक विसरतात, ती म्हणजे मशीन. समीक्षकाचा कॉम्प्युटर बहुधा दणकट असतो, आपल्या घरचा चार वर्षांपूर्वी इंजिनीअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला घेतलेला लॅपटॉप. 'सिटीज: स्कायलाइन्स २' हा शहर वसवण्याचा गेम ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, तेव्हा वेगाचं ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलेलं नाही हे बनवणाऱ्यांनीच विक्रीआधी जाहीर केलं होतं. निदान प्रामाणिकपणा होता.

"मग लोकांचंच ऐकावं ना"

हा दुसरा आक्षेप, आणि वरवर अगदी लोकशाहीचा. स्टीमवर २०१३ पासून खरेदीदारांना आपलं मत लिहिता येतं. अंगठा वर किंवा अंगठा खाली, मधलं काही नाही. नावाजण्याजोगी गोष्ट म्हणजे मत देणाऱ्याने किती तास खेळलंय ते मतासोबत दिसतं. समीक्षकांनीही हे करायला हवं, असं मला कधीपासून वाटतं. परीक्षणाच्या डोक्यावर 'एवढे तास, एवढे डाव, अमुक पायरीवर' एवढी एक ओळ. काही जण लिहितात, बरेच नाही.

पण लोकांच्या कौलातही खडे आहेत. 'सिव्हिलायझेशन ७'ची सर्वांत आधीची मतं कुणाची होती? पाच दिवस आधी गेम हवा म्हणून ७० डॉलरच्या जागी १०० किंवा १३० डॉलर मोजणाऱ्यांची, म्हणजे सगळ्यात कट्टर, सगळ्यात जास्त अपेक्षा धरून बसलेल्या लोकांची. लग्नात वरपक्षाच्या सख्ख्या मावशीला जेवण कसं होतं विचारण्यासारखं आहे हे.

आणि झुंडीचा प्रश्न वेगळाच. 'टोटल वॉर: रोम २' हा २०१३ चा गेम. सुरुवातीला तो इतका मोडका होता की कंपनीला माफी मागावी लागली, मग महिनोन्‌महिने पॅच येत राहिले आणि तो खूपच सावरला. २०१८ मध्ये मात्र त्यावर नव्याने वाईट मतांचा पाऊस पडला, कारण स्त्रिया सेनापती होताना दिसल्या. खेळ कसा खेळला जातो याच्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. अशा लाटा ओळखून त्या एकूण गुणांतून वगळायची सोय स्टीमने २०१९ मध्ये केली. पण लाट कोणती आणि खरी तक्रार कोणती, हे ठरवणार कोण? पुन्हा एक परीक्षक आलाच.

"जाणत्या चाहत्यानेच परीक्षण लिहावं"

हा तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. हजार तास खेळलेल्याने लिहिलं तर एआयचा मूर्खपणा, नियमांतली भोकं, सगळं बाहेर येईल. येईल हे खरंच. पण तो कुणासाठी लिहील? हजार तासवाल्यासाठी. नव्या माणसाला पहिल्या दहा तासांत काय वाट्याला येतं, हे त्याला आठवतसुद्धा नाही. आमच्याकडे एक काका आहेत, गाडी शिकवायला बसले की "मग क्लच सोडायचा" एवढंच म्हणतात. क्लच कुठे असतो ते सांगायचं राहून जातं.

शिवाय जाणत्याला बदल खुपतो. हजार तासांत कमावलेलं कौशल्य नव्या नियमाने एका रात्रीत निकामी होतं, आणि ते दुखणं तो 'गेम बिघडला' या शब्दांत मांडतो. कधी गेम खरंच बिघडलेला असतो, कधी त्याचं फक्त कौशल्य गेलेलं असतं. 'सिव्हिलायझेशन ५'मधल्या षट्कोनी चौकटींवरही तेव्हा कुरकुर झाली होती. आज त्या काढून टाका म्हणून बघा! त्याच भागातल्या एआयवरची कुरकुर मात्र रास्त ठरली. दोन्ही तक्रारी त्याच तोंडांतून, त्याच आवेशात आल्या होत्या, आणि ऐकणाऱ्याला त्या वेळी वेगळ्या करता येणं कठीण होतं.

म्हणून मी स्वतः काय करतो ते सांगतो. गुण बघतच नाही. एक नाखूश परीक्षण पूर्ण वाचतो, दोन तारेवालं असेल तर उत्तम, कारण नाराज माणूस कारणं देतो. मग स्टीमवर शंभर तासांच्या पुढे गेलेल्यांची मतं चाळतो, अंगठा कुठे आहे ते न बघता. आणि दोन-तीन पॅच येईपर्यंत थांबतो. सातव्या भागात २०२५ मध्येच इतके बदल झाले की फेब्रुवारीतलं परीक्षण आणि डिसेंबरातला गेम यांची गाठ घालणं अवघड व्हावं. परीक्षणं मात्र जिथे होती तिथेच, त्याच गुणांसह उभी आहेत. जुन्या गेमचं पुन्हा परीक्षण करायला ना समीक्षकाला वेळ, ना त्याचे कुणी पैसे देत.

हे सगळं ऐकून ताई म्हणाली, "म्हणजे दोघंही बरोबर? असं कसं चालेल? एक काहीतरी सांग ना." मी म्हटलं, ताई, तू मागच्या महिन्यात नवं मिक्सर घेतलंस, दुकानदाराने फिरवून दाखवलं, छान चाललं. पुरणाला बसलीस तेव्हा काय म्हणालीस? ती हसली. "दुकानदार खोटारडा नव्हता रे. त्याने पुरण नव्हतं वाटलं."

या गोष्टीला आता दोन महिने होऊन गेले. परवा भाच्याचं स्टीमवरचं मत वाचलं. अंगठा खाली, चार परिच्छेदांचा संताप, शेवटी 'कुणीही घेऊ नका'. शेजारी खेळलेला वेळ: १३७ तास. मी फोन केला आणि विचारलं, अंगठा वर कधी करणार?

"एक पॅच येऊ दे, मामा. आणि हा डाव संपू दे."

कितवा टर्न चाललाय, म्हटलं.

"तीनशे बारावा. थांब हं, शेजारी युद्ध पुकारतोय."